ऐब

आमच्या फुलसावंगीत कोणी जुनी गाडी घरी आणली, की पाहायला येणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "कितीला पडली?" आणि दुसरा, "कोणाची होती?" पहिल्याचे उत्तर ऐकून लोक नुसती मान हलवतात. दुसऱ्याचे उत्तर ऐकून त्यांचा चेहरा बदलतो. गावातल्या डॉक्टरांची होती म्हटले, की "मग काही पाहायला नको" असे म्हणून चहा पिऊन जातात. शहरातल्या एजंटाकडून घेतली म्हटले, की गाडीभोवती पुन्हा एक चक्कर मारतात, खाली वाकून पाहतात आणि गप्प बसतात.

गाडी लोखंडाची, इंजिन तिचे, टायर तिचे. तरी भरवसा आपण माणसात शोधतो. या दुसऱ्या प्रश्नाविषयीच मला लिहायचे आहे. गाडी घेताना तो मी विचारला नाही आणि फसलो. पाच वर्षांनी गाडी विकताना तोच प्रश्न उलटा फिरून माझ्या दारात येऊन उभा राहिला.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातले, पैनगंगेच्या खोऱ्यातले गाव. काळी माती, कापूस आणि सोयाबीन. माणूस आजारी पडला, की पुसद, उमरखेड, आणि दुखणे मोठे असेल तर नांदेड. २०१६ च्या पावसाळ्यात एका रात्री अब्बांच्या छातीत कळ आली. भाड्याची जीप मिळायला दीड तास लागला. अब्बा वाचले, पण तो दीड तास माझ्या डोक्यातून गेला नाही. अम्मी काही बोलल्या नाहीत. फक्त त्या रात्रीपासून त्या अब्बांच्या खाटेजवळ खाली अंथरूण टाकून झोपू लागल्या. दारात आपले चारचाकी वाहन असले पाहिजे, हे मी तेव्हाच ठरवले. ती हौस नव्हती, गरज होती.

मी विनाअनुदानित शाळेतला मास्तर. आमच्यासारख्यांचा पगार कधी येतो आणि कधी येत नाही, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. नवी गाडी कर्जावरच घ्यावी लागली असती. व्याजाचा प्रश्न मनात होताच. पण तो क्षणभर बाजूला ठेवला, तरी न येणाऱ्या पगारावर पाच वर्षांचे हप्ते कसे बांधायचे? भिशीचे साठ हजार, गाठीचे पस्तीस आणि मेहुण्याने हातउसने दिलेले वीस, असे एक लाख पंधरा हजार जमले. या रकमेत जुनीच गाडी येते, आणि जुन्यातलीही जुनी.

२०१७ साली एका शहरातल्या एजंटाकडे २००८ ची एक छोटी पांढरी पेट्रोल गाडी पाहिली. पाहिली म्हणजे काय पाहिले? रंग पाहिला, तो आरशासारखा होता. सीटकव्हर नवे होते. काच वर-खाली होत होती, टेप वाजत होता. मीटरवर फक्त बेचाळीस हजार किलोमीटर होते. नऊ वर्षांत बेचाळीस हजार म्हणजे जपून वापरलेली गाडी, असा हिशेब मी केला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. एजंट फारसे काही बोलला नाही. "सर, गाडी तुमच्या समोर आहे, चालवून बघा," एवढेच म्हणाला. ती पूर्वी कोणाची होती हे मी विचारले नाही. आर.सी. बुकावरचे नाव वाचले, पण त्या माणसाला जाऊन भेटावे हे सुचले नाही.

चार महिन्यांत पुढचे डावे टायर एकाच बाजूने घासून गेले. अलाइनमेंट करून घेतले; तरी गाडी डावीकडे ओढायची. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी ती खड्ड्यावर घेतली, बॅटरी लावून खालून पाहिली, बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "मास्टरसाब, गाडी ठुकी हुई है. आगे का पूरा जोड है." मलाही खाली उतरून दाखवले. पुढचा भाग एका मोठ्या अपघातात चेपलेला, कापून पुन्हा वेल्डिंगने जोडलेला आणि वर पुट्टी भरून रंग मारलेला. ब्रेकच्या आणि क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर पार झिजलेले होते, ते त्यांनी बोटाने दाखवले. बेचाळीस हजारात एवढे रबर झिजत नाही. मीटर मागे फिरवलेले होते.

मी एजंटाकडे गेलो. तो रागावला नाही, लाजलाही नाही. म्हणाला, "सर, तुम्ही विचारलं का, की गाडी ठोकलेली आहे का? मी एक तरी शब्द खोटा बोललो का? मी तर काही बोललोच नाही." मीटरचे काय, या प्रश्नावर म्हणाला, "आम्हालाही तशीच आली." मी परत आलो. रस्ताभर त्याचे एक वाक्य डोक्यात फिरत होते. मी तर काही बोललोच नाही.

त्यानंतर मिस्त्री चाचांनी मला जे शिकवले ते इथे लिहून ठेवतो. तुटपुंज्या पैशांत गाडी पाहायला निघालेल्या कोणाला तरी उपयोगी पडेल. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवलेली असेल, तर त्याला थंड सुरुवात दाखवायची नाही असे समजावे. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आत जात असण्याची शक्यता असते. ऑइलचे झाकण उघडून आत पाहावे, मलईसारखा थर दिसला तर घराकडे परतावे. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. बॉनेट, दारे आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, ते पाहावे. चटई उचलून वास घ्यावा, सीटखालच्या पट्ट्या पाहाव्यात. गाळ किंवा ताजा गंज म्हणजे गाडी पुरातून आलेली असू शकते. मीटरवर नव्हे, तर पायपट्ट्यांवर, स्टीअरिंगच्या कातड्यावर आणि ड्रायव्हरच्या सीटवर विश्वास ठेवावा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चेसिसवरचा नंबर आर.सी.शी ताडून पाहावा. बँकेचा बोजा उतरला आहे का, विमा चालू आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, हे आता मोबाईलवरही कळते. आणि गाडी अशी घ्यावी, की जिचा मिस्त्री आपल्या गावात आणि जिचे सामान आपल्या तालुक्यात मिळते. दिसायला देखणी, पण सामानासाठी दर वेळी शहर गाठायला लावणारी गाडी गरिबाने घेऊ नये.

एवढे सांगून झाल्यावर चाचा म्हणाले, "पण मास्टरसाब, हे सगळं करूनही शंभरातले वीस ऐब राहतातच. ते फक्त ज्याने गाडी वापरली त्यालाच ठाऊक असतात."

मला वाटते, प्रश्नाचे मूळ इथे आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो नव्या गाडीबरोबर कंपनीची हमी विकत घेतो. ज्याच्याकडे नाही, त्याला उरलेल्या वीस ऐबांपुरते दुसऱ्या माणसाच्या शब्दावर अवलंबून राहावे लागते. शब्द खोटा निघाला, तर श्रीमंताचे थोडे पैसे जातात. गरिबाची भिशी जाते, मेहुण्याचे उसने जाते आणि कधी जीवही धोक्यात येतो.

जॉर्ज अकर्लोफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्याला आणखी दोघांबरोबर मिळाले, त्यामागे हा निबंध होता. त्याचे म्हणणे साध्या शब्दांत असे. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा मधली किंमत देतो. ज्याची गाडी चांगली आहे त्याला ती किंमत परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते, किंमत आणखी उतरते, आणखी चांगल्या गाड्या जातात. म्हणजे ऐब लपवणारा फक्त एका गिऱ्हाइकाला फसवत नाही. खरे बोलणाऱ्याच्या चांगल्या गाडीचीही किंमत तो पाडतो. अकर्लोफने हे गणिताने सिद्ध केले. आमचे बुजुर्ग त्याला "बरकत गेली" असे म्हणत आले आहेत.

आणि कायदा? माझ्या एका वकील स्नेह्याने मला १८७२ च्या भारतीय करार कायद्यातले सतरावे कलम दाखवले. त्यात फसवणूक म्हणजे काय हे समजावण्यासाठी घोड्याची उदाहरणे दिली आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. मला एजंटाचा चेहरा आठवला. पण पुढचे उदाहरण वाचले आणि मी थांबलो. घोडा विकत घेणारी त्या माणसाची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र खोट सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण असे, की घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष आहे असे धरून चालेन. यावर विकणारा गप्प बसला, तर त्याचे मौन हे बोलण्यासारखेच आहे.

दीडशे वर्षांपूर्वी घोड्याविषयी लिहिलेल्या या ओळींत आमचा सगळा गाडीबाजार आला आहे. मुलीला सांगायचे, परक्याला सांगितले नाही तरी चालते. मग प्रश्न एवढाच उरतो, की समोर उभा असलेला गिऱ्हाईक आपला कोण?

या प्रश्नाचे उत्तर द्यायची माझी पाळी २०२२ साली आली. त्याच्या आधीच्या वर्षी आमच्या गावात एक घटना घडली होती. तिचा माझ्यावर परिणाम झाला, म्हणून ती सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये फुलसावंगीचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. गावातला, वेल्डिंग आणि पत्र्याच्या कामातला एक तरुण, शाळा आठवीत सुटलेला, दोन वर्षे खपून स्वतःचे हेलिकॉप्टर तयार करत होता. त्यात त्याने मारुती ८०० चे इंजिन बसवले होते, असे बातम्यांत आले. जी गाडी १९८३ साली पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ साली बनणे बंद झाली, जिने या देशातल्या मध्यमवर्गाला चारचाकीचे स्वप्न दाखवले, तिचे इंजिन आमच्या गावात आकाशाचे स्वप्न पाहत होते. चाचणीच्या वेळी पंख्याचे पाते तुटून त्याच्या डोक्याला लागले आणि तो गेला. अल्लाह त्याची मगफिरत करो.

लोक पुष्कळ बोलले. कोणी हुशारीचे कौतुक केले, कोणी धाडसाला वेडेपणा म्हटले. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट येत राहिली. आपण केलेल्या जोडकामाचा भरवसा त्या पोराने स्वतःच्या जिवावर घेतला. त्या यंत्रात पहिला तो स्वतः बसला. दुसऱ्या कोणाला बसवले नाही. आणि माझ्या दारातल्या गाडीचा पुढचा भाग ज्याने जोडला, ज्याने वर पुट्टी भरली आणि ज्याने ती विकली, त्यांच्यापैकी एकही जण त्या जोडकामाच्या मागे बसून नांदेडला जाणार नव्हता. तिथे मी बसणार होतो, आणि शेजारी माझे अब्बा.

२०२२ मध्ये मोठ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायची होती. अब्बा २०२० मध्येच गेले होते, गाडीची निकड उरली नव्हती. गाडी विकायची ठरली. किंमत मी सत्तर हजार सांगितली. वरून पाहता गाडी तेवढ्याची होती. मी ती जपून, हळू चालवली होती आणि रंग अजून चांगला होता.

पहिल्यांदा एक एजंट आला. त्याला मी सांगितले, की पुढे जोड आहे. तो हसला. "असू द्या की सर. मला सांगितलं ना, तुमची जबाबदारी संपली. अडुसष्ट देतो, रोख. पुढचं मी पाहून घेतो." त्या "पुढचं"मध्ये कोण आहे, ते मला दिसत होते. दुसऱ्या जिल्ह्यातला कोणी मास्तर, कोणी शेतकरी, भिशीचे पैसे घेऊन आलेला. मी दोन दिवसांची मुदत मागितली. नाही म्हणालो नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

दुसऱ्या दिवशी जवळच्या तांड्यावरचा एक बंजारा शेतकरी आला. त्याचा थोरला पोरगा माझ्या हाताखाली शिकलेला. घरात म्हातारी आई आणि दोन लहान मुली. कापसाचे पैसे हातात होते. त्याने गाडीभोवती चक्करसुद्धा मारली नाही. ओसरीवर बसला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमची गाडी आहे, मी काय पाहू? तुम्ही म्हणाल ते देतो." मला करार कायद्यातले तिसरे उदाहरण आठवले. तुम्ही काही बोलला नाहीत, तर मी घोडा निर्दोष समजेन.

मी त्याला उद्या ये म्हणालो. रात्री घरात बोलणे झाले. माझी पत्नी काही लोभी बाई नाही. भिशीचा पैसा न पैसा तिनेच साठवला होता. ती म्हणाली, "ज्यानं तुम्हाला फसवलं तो मोकळा फिरतोय. त्याच्या पापाचा दंड माझ्या मुलीनं का भरायचा? खोटं बोला असं मी म्हणत नाही. त्यानं विचारलं तर सांगा. नाही विचारलं, तर गप्प बसा. आपल्याला कोणी सांगितलं होतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हते. नैतिकतेची पुस्तके बहुधा असे धरून चालतात, की विकणारा सुस्थितीत आहे आणि घेणारा गरजू. इथे दोन्हीकडे तंगी होती. एका बाजूला माझ्या मुलीची फी, दुसऱ्या बाजूला त्याच्या मुलींचे जीव. तंगीतल्या माणसाला खरे बोलणे परवडते का?

त्या रात्री मी आपल्या परंपरेत काय आहे ते आठवत बसलो. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात आणि बोटांना ओल लागते, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विकणारा म्हणतो, पाऊस लागला. म्हणजे तोही नुकसानीतच आलेला होता, पाऊस त्याने पाडला नव्हता. तरी त्याला सांगण्यात येते, की ओले धान्य वर ठेवायला हवे होते, लोकांना दिसेल असे. आणि फसवणारा आमच्यातला नव्हे. ही गोष्ट इतकी वर्षे ऐकली, पण त्या विक्रेत्याची बाजू मी कधी लक्षात घेतली नव्हती. त्याचा ऐबसुद्धा त्याने केलेला नव्हता, त्याच्यावर आलेला होता. माझ्यासारखाच.

बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात ऐबाची व्याख्या फार व्यवहारी आहे. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्यामुळे किंमत कमी होते, तो ऐब. म्हणजे आमच्या गावात ऐब कोणता हे मौलवी नव्हे, मिस्त्री चाचा ठरवणार. घेतल्यावर जुना ऐब निघाला, तर माल परत करण्याचा हक्क, खियार-ए-ऐब, घेणाऱ्याला आहे. याच फिकहमध्ये विकणाऱ्यालाही एक वाट आहे. सर्व ऐबांची जबाबदारी नाकारून, आजच्या भाषेत "जशी आहे तशी", विकण्याला हनफी इमामांनी मान्यता दिली आहे. इतर इमामांचे यात मतभेद आहेत. म्हणजे मी "जशी आहे तशी घे बाबा" म्हणालो असतो, तर सौदा पक्का झाला असता. पण सौदा पक्का होणे वेगळे आणि माहीत असलेला ऐब झाकून ठेवण्याच्या गुन्ह्यातून सुटणे वेगळे. इमाम अबू हनीफा स्वतः कुफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने ऐब असलेले एक कापड न सांगता विकले आणि घेणारा सापडेना, तेव्हा त्यांनी आलेली सगळी रक्कम खैरात केली, असे त्यांच्या चरित्रांत येते. त्यांनी सौदा कायदेशीर आहे का, हे तपासत बसण्याचे कारण नव्हते. ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नंतर ही हकीकत मी एका ओळखीच्या माणसाला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, ऐब सांगण्याविषयीच्या एका हदीसमध्ये "भाऊ" असा शब्द आहे. त्याला काय सुचवायचे होते ते मला कळले. मी त्याला एवढेच म्हणालो, की त्या बाजारात ओल्या धान्याचा गिऱ्हाईक कोण येणार आहे, हे कोणी विचारले नव्हते. ओल सगळ्यांच्याच बोटांना सारखी लागते. आणि माझ्या ओसरीवर बसून मला "गुरुजी" म्हणणारा माणूस माझा कोणी नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

पत्नीला मी सकाळी उत्तर दिले. ते तिला पूर्ण पटले नाही, आजही पटलेले नाही. मी म्हणालो, "ते वीस हजार आपल्या मुलीचे नाहीतच. ते पाच वर्षांपूर्वी माझ्याकडून चोरीला गेले. आज मी गप्प बसलो, तर मला माझे पैसे परत मिळत नाहीत. मी फक्त चोरी पुढच्याच्या घरात ढकलतो." ती म्हणाली, "फी तर भरावी लागेलच ना?" हेही खरेच होते.

तो शेतकरी आला, तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि गाडीत बसवून सरळ मिस्त्री चाचांकडे नेले. खड्ड्यात उतरवून जोड दाखवला. मीटर मागे फिरवलेले आहे हे सांगितले. नोंदणीची पंधरा वर्षे पुढच्या वर्षी संपतात, आणि एप्रिल २०२२ पासून खासगी कारच्या पुनर्नोंदणीची सरकारी फी सहाशेवरून पाच हजार झाली आहे, हेही सांगितले. कारण कागदाचा ऐब हाही ऐबच. तो जोड नव्याने, नीट करून घ्यायला सोळा-अठरा हजार लागतील, असे चाचा म्हणाले. शेतकरी बराच वेळ काही बोलला नाही. मग "विचार करतो गुरुजी" म्हणून निघून गेला. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हते. माझ्यावरच्या त्याच्या विश्वासाला थोडा तडा गेल्यासारखे वाटले. जणू पाच वर्षे असली गाडी गुरुजींनी बाळगली कशी! खरे बोलणाऱ्याला लगेच शाबासकी मिळते, असे कोणी समजू नये.

आठ दिवस तो आला नाही. त्या आठ दिवसांत एजंटाचे दोन फोन येऊन गेले. दुसऱ्या फोनला मी नाही म्हणालो. नवव्या दिवशी शेतकरी आला, पन्नास हजार रोख ठेवले आणि म्हणाला, "उरलेल्यात जोड करून घेतो. दुसरी गाडी घेतली असती, तर तिच्यात काय आहे हे मला कुणी सांगितलं असतं?" मी पंचेचाळीसही घेतले असते, हे त्याला कळत होते, तरी त्याने पन्नासच दिले. घेणाऱ्यालाही ईमान असते. जरीर इब्न अब्दुल्लाह या सहाबींनी घोडा विकणाऱ्याला, तुझ्या घोड्याची किंमत याहून जास्त आहे असे सांगत स्वतःहून भाव वाढवत नेला, अशी रिवायत आहे. ती मला तेव्हा आठवली.

मग आम्ही दोघे यवतमाळच्या आर.टी.ओ.त गेलो, २९ आणि ३० नंबरचे अर्ज भरून गाडी त्याच्या नावावर केली. आमच्याकडे पुष्कळ लोक सही करून कागद देऊन टाकतात आणि गाडी वर्षानुवर्षे जुन्याच नावावर फिरते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. गाडी विकून टाकलेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. म्हणजे घेणाऱ्याने जसा विकणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा, तसाच विकणाऱ्यानेही घेणाऱ्यावर. नाव बदलून घेण्यात आळस करणारा गिऱ्हाईकही एक ऐब मागे ठेवून जातो.

फीमध्ये वीस हजार कमी पडले. पुन्हा मेहुण्याकडेच हात पसरावा लागला. ते फेडायला चौदा महिने लागले आणि त्या चौदा महिन्यांत घरात हा विषय तीन-चार वेळा तरी निघाला. म्हणून तंगीतल्या माणसाला खरे बोलणे परवडते, असे मी म्हणणार नाही. परवडत नाही. फसवणूक हातोहात पुढे जात असते. जो ती थांबवतो, त्याच्या खिशाला खार लागतो, आणि तो बहुधा ती सुरू करणारा नसतो. यात न्याय नाही. पण ती कोणाच्या तरी दारात थांबायला हवी. नाही तर तिचा शेवट एखाद्या रात्री, रस्त्यावर, जोडलेले लोखंड सुटल्यावर होतो, आणि तेव्हा आत कोण बसलेले असेल ते सांगता येत नाही.

मला आता कोणी विचारले, की कमी पैशांत भरवशाची गाडी कशी निवडावी, तर मी मिस्त्री चाचांची यादी पुरती सांगतो. चुंबक, धूर, चटई, पायपट्ट्या, सगळे. आणि शेवटी म्हणतो, गाडीच्या पहिल्या मालकाच्या घरी एकदा जाऊन ये. त्याला विचार, हिचा ऐब काय? "काहीच नाही" असे उत्तर आले, तर विचारात पड. जुन्या गाडीत ऐब नसतो असे होत नाही. जो एक तरी ऐब स्वतःहून सांगतो, त्याच्या बाकीच्या शब्दावर थोडा भरवसा ठेवायला हरकत नाही.

ती पांढरी गाडी अजून तांड्यावर आहे. बाजारच्या दिवशी कधी तरी समोरून जाते. त्याने पुढचा भाग नीट करून घेतला आहे. आता ती डावीकडे ओढत नाही, असे तो सांगतो. परवा तिथला एकजण माझ्या वर्गातल्या पोराला म्हणाला म्हणे, "ती होय, ती गुरुजींची होती." पोराने ते मला सहज म्हणून सांगितले. मी पत्नीला सांगितले. ती भाकऱ्या थापत होती. काही बोलली नाही. पण हात क्षणभर थांबला.